कोण शिवलं?

मी एक जुना पांढरा झगा आहे. पांढरा म्हणजे, होतो. हसू नका मित्रांनो, तुमचा शाळेचा शर्टही फार दिवस पांढरा राहत नाही.

चर्चचे पाळक उपासनेच्या वेळी अंगावर घालतात, तो मी. शिवणवाल्या मावशींनी मला शिवलं. आपल्या भाषेत शिवणं म्हणजे टाके घालणं आणि शिवणं म्हणजे हात लावणंही. माझ्या नशिबात दोन्ही होतं. मशीनवर बसल्या की मावशी मला दटावायच्या, "नीट बस रे बाबा, खांद्यावर चढू नकोस." माझ्या काठाची शिवण पाहून लोक वाहवा करायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पुढे मावशींना कातडीचा आजार झाला. औषधाने त्या बऱ्या झाल्या. आता कुणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनीही सांगितलं. पण लोकांच्या मनातली भीती काही जाईना. त्यांच्याकडे कपडे शिवायला कुणी देईना. उपासना संपली की सगळे एकमेकांचा हात हातात घेऊन "शांती असो" म्हणत. मावशींना मात्र लांबूनच मान हलवत. त्यांची धाकटी जाऊसुद्धा जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवून निघून जायची. मावशी शेवटच्या बाकावर एकट्या बसू लागल्या.

एका रविवारी पाळकसाहेब एक गोष्ट सांगत होते. लोक जिला दूर ठेवत अशी एक आजारी बाई गर्दीतून येते, येशूच्या कपड्याच्या काठाला हळूच शिवते आणि बरी होते. येशू थांबतो. पाळकसाहेबांनी आवाज चढवला, "माझ्या कपड्याला कोण शिवलं?"

मावशींना डुलकी लागली होती. त्या दचकून उभ्या राहिल्या. "मीच शिवलाय, साहेब. का, उसवला का कुठे?"

सगळे पोट धरून हसले. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाळकसाहेब मात्र थेट शेवटच्या बाकापाशी गेले. माझा काठ त्यांनी मावशींच्या हातात दिला आणि त्यावर आपला हात ठेवला.

"शिवण पक्की आहे, मावशी. उसवलोय ते आम्ही."

मावशींनी काठ घट्ट धरून ठेवला. किती महिन्यांनी त्यांना कुणी शिवलं होतं. मला धाकधूक होती, की आता बाकीचे माना खाली घालून घरी जातील. तेवढ्यात धाकटी जाऊ उठली आणि मावशींना खेटून बसली.

"ताई, पोरीचा फ्रॉक शिवायचाय. घरी या, माप तुम्हीच घ्या."

माप घ्यायचं म्हणजे पोरीला हात लावायचा. मावशींना ते कळलं आणि त्या जावेच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

आता मी कोपरांवर विरलोय, कपाटात पडून असतो. नवा झगा आलाय. माझी तक्रार नाही. येशूला नुसत्या शब्दाने बरं करता येत होतं, तरी तो हात लावायचा, असं पाळकसाहेब सांगत. त्या दिवशी दोन हातांच्या मधे मी होतो. देवाचे उपकार, आणखी काय हवं?

एकच मागणं आहे, मित्रांनो. कपडा उसवला तर टाकू नका, शिवा. आणि कुणी एकटं बसलं असेल, तर त्यालाही शिवा. त्याला तर सुईसुद्धा लागत नाही.