फेस्टीने न काढलेली कडी

मी एक जुना अर्धा दरवाजा आहे. अंगाने कमरेएवढा, वरची जागा मोकळी. तिथून उजेड आत येतो आणि शेजाऱ्यांच्या चौकशाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोनेमारात, मल्केरिनांच्या म्हाताऱ्याने समुद्रातून वाहून आलेल्या फळ्यांपासून मला घडवलं. फेस्टी आणि कोलमन ही त्याची दोन पोरं.

मित्रांनो, आमच्याकडचा एक रिवाज आधी ऐका. घरचा माणूस वरून हात घालून माझी आतली कडी स्वतः काढतो. परका बाहेर थांबतो. आतून 'या' म्हटलं की मगच तो पाऊल टाकतो.

फेस्टी मोठा होऊन इंग्लंडला विटा वाहायला गेला. तिथे त्याला आयरिश म्हणून हिणवत 'पॅडी' अशी हाक मारत. सुट्टीत घरी आला की गाव म्हणे, आला बघा इंग्रज. तो हसायचा, पण माझ्यावर कोपर टेकून आतल्या आत धुमसायचा. त्यातूनच त्याने नाटक लिहिलं. परदेशातून बऱ्याच वर्षांनी परतलेला मुलगा सवयीने कडीला हात घालतो. तेवढ्यात आतून आई म्हणते, "या, बसा," आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला चिनी मातीचा कप काढते. मुलगा हात मागे घेतो आणि निघून जातो. पडदा.

या नाटकासाठी फेस्टीने मला बिजागऱ्यांतून काढून चर्चच्या सभागृहात नेलं. एकच प्रयोग झाला. एक टाळी पडली नाही. सख्खा भाऊ कोलमन भर सभागृहात उठून म्हणाला, "चार वर्षं बाहेर राहिलास म्हणून आमची अब्रू वेशीवर टांगणार का तू?"

फेस्टी बोटीत बसला. कोलमनने मला घराला परत बसवलं नाही, कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं. कोंबड्यांची घाण मी आयुष्यभर सोसली, तिचा मला राग नाही. राग आहे तो पुढच्याचा.

गेल्या उन्हाळ्यात गावाला अचानक फेस्टीचा पुळका आला. बॉस्टनहून आपल्या आजा-पणजांची घरं शोधत लोक बस भरभरून येऊ लागले होते. त्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. त्याचं नाटक पुन्हा बसवायचं ठरलं आणि समितीचा अध्यक्ष कोण, तर कोलमन. मला घासून लाल रंग फासला. बाहेर पाटी लागली, 'विस्मृतीत गेलेलं रत्न'. खोटं आहे ते. नाटक विस्मृतीत गेलं नव्हतं, घातलं होतं.

दिग्दर्शिका ग्रेनिया डब्लिनची. शेवट वाचून ती म्हणाली, इतक्या लांबून आलेल्यांना काय रडवून बसमध्ये बसवायचं? शेवट बदलला. आता मुलगा कडी काढतो, आई मिठी मारते, फिडल वाजतं, सगळे नाचतात. कोलमन म्हणाला, आपल्या गावात असंच तर होतं. प्रत्येक तालमीत माझी कडी काढली गेली आणि माझ्याच तोंडून ते खोटं वदवलं गेलं.

फेस्टीला प्रयोगाचं आमंत्रण गेलं होतं, पण शेवट बदलल्याचं कळवलं नव्हतं. तो काठी टेकत आला आणि दुपारच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसला. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो बसून होता.

सभागृह रिकामं झाल्यावर तो रंगमंचावर चढला आणि माझ्या बाहेरच्या बाजूला उभा राहिला. आत, नाटकासाठी मांडलेल्या घरात, कोलमन आणि ग्रेनिया चहा घेत होते.

"माझा शेवट कुठाय, कोलमन?"

"अरे, कुणाला हवाय तो? तुझं नाव झालं की गावभर."

"नाव माझं. नाटक तुझं."

कोलमन चहा ढवळत राहिला. तेव्हा फेस्टीने वरून हात आत घातला. विटेखाली चेचलेलं ते वाकडं बोट मी लगेच ओळखलं. ते कडीला लागलं. काढ, फेस्टी, काढ. एवढ्यासाठीच तर मी तग धरून होतो.

कोलमनचा चेहरा एकदम यजमानाचा झाला. "बाहेर का उभे? या पाहुणे, बसा. ग्रेनिया, तो चांगला कप घे गं."

आपण काय बोललो हे त्याला कळलंसुद्धा नाही. बोट कडीवर थांबलं. मग फेस्टीने हात काढून घेतला.

"बघ," तो म्हणाला, "तुला पाठ आहे अजून."

आणि तो गेला.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. मला तेल नको, रंग नको. खुशाल परत खुराड्याला लावा, कोंबड्यांनी मला कधी फसवलं नाही. पण तुमचं माणूस लांबून घरी आलं तर तोंड आवरा. 'या, बसा' म्हणू नका. ठेवणीतला कप काढू नका. कडी त्याची त्याला काढू द्या.