मर्डोच्या माघारी जेवायचं कुठे

स्कॉटलंडमधल्या पोर्टकेरी बंदरात माणसाला पुरून आलं, की सगळं गाव हॉटेलात जमून मांसाची पाई खातं आणि पुढे वर्षानुवर्षं त्या पाईवरून मेलेल्याची पत ठरवतं. त्यामुळे म्हाताऱ्या मर्डो गेडिसने ठणठणीत असतानाच आपलं हॉटेल निवडायला घेतलं. बायकोला, एफीला, घेऊन तो आधी धक्क्यावरच्या हॉटेलात जेवला. पाई अशी, की दोघं बोलायचीच थांबली. दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या हॉटेलातली पाई होडीच्या फळीसारखी निघाली.

"हेच हॉटेल!" मर्डो खूश होऊन म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुझं? दात हलला माझा."

"अगं, धक्क्यावर लोक पाईचं कौतुक करत बसतील. इथे ती बाजूला सारून माझ्याबद्दल बोलतील. जन्मभर मासे धरले, तेवढंही नको?"

एफीने कोट चढवला आणि परतताना धक्क्यावरच्या मालकिणीला सांगून टाकलं, "याच्या वेळी आम्ही तुझ्याकडेच गं."

"आणि माझं कौतुक?" मर्डो कळवळला.

"त्या दिवशी जेवायला तू नसशील, मी असेन. कौतुक हवं तर घरी चल, आत्ताच करते."