गेटवरचा सतरा नंबर

मी गेटवरचा फोन बोलतोय. 'बोलतोय' हा शब्द माझ्या तोंडी शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. घाटंजीच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, गेटवर मी नऊ वर्षं इमानाने नोकरी केली आणि शेवटचा दिवस सोडला तर माझ्यातून कोणी एक शब्द बोललं नाही. पण म्हणून मी नुसता बसून खात होतो, असं समजू नका.

सत्त्याण्णव साली मालक सदाशिवरावांनी आम्हा अठरा भावंडांना नागपूरहून आणलं. ऑफिसात भिंतीवर एक पेटी ठोकली, तिच्यातून अठरा वायरी निघाल्या आणि प्रत्येकाला नंबर मिळाला. एक नंबर मालकांच्या टेबलावर गेला. दोन नंबर हिशेबनीसाकडे. मी सतरा. माझ्या वाट्याला गेटची केबिन आली: एक स्टूल, एक खिडकी, आणि बाहेर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, ये-जा.

ऑफिसातून गेटवर निरोप द्यायला मला बसवलं होतं. पण सदाशिवरावांचा आवाज असा दणदणीत, की ते व्हरांड्यात येऊन "देवसिंगऽऽ" म्हणून हाक मारत, ती गेटवरच काय, पलीकडच्या नाक्यावरही ऐकू जाई. फोन करायचा तर रिसीव्हर उचला, नंबर दाबा, वाट पाहा. एवढा उपद्व्याप त्यांना कोण सांगणार! मला फार वाईट वाटायचं. बाकीचे दिवसभर खणखणत आणि मी आपला धूळ खात.

देवसिंग म्हणजे आमचा गेटमन. उंच, सडपातळ, मिशा झुपकेदार आणि स्वभाव शेळीचा. रोज आल्याबरोबर आपल्या रुमालाने तो मला पुसायचा. ज्याचा काही उपयोग नाही त्याला रोज पुसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. कधी बोंडअळी, कधी भाव पडलेला, कधी खरेदी केंद्र उघडायचंच नाव नाही. आजूबाजूच्या दोन-तीन जिनिंगना कुलूप लागलं, त्यामुळे जी चालू होती तिच्यावर सगळ्या गावांची धाव. आमचं आवार भरलं की बंड्या रस्त्यावर उभ्या राहत. एकदा बोरखडीच्या विमलताई स्वतः बंडीवर बसून आल्या आणि दोन दिवस गेटबाहेर अडकल्या. त्यांचं गावात किराणा दुकान होतं, दुकानात फोनही होता. तिसऱ्या दिवशी त्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "देवसिंगभाऊ, जागा नाही हे आधी समजलं असतं तं बैलं कायले जुंपले असते? कळवाची काई सोय नाही का?"

देवसिंगने माझ्याकडे पाहिलं. मला बाहेर फोन लावायची परवानगी नव्हती, पण पेटी बसवणाऱ्याने माझी बाहेरची लाईन चुकून उघडी ठेवली होती. शून्य दाबलं की लागायची. हे फक्त देवसिंगला माहीत होतं आणि त्याची त्याला धडकी भरलेली होती.

"ताई, कंपनीचा फोन हाय. बोललो तं बिल येते."

"मंग बोलू नका," विमलताई म्हणाल्या. "दोन घंट्या द्या न् ठेवून द्या. म्या उचलतच नाही. आम्ही समजू, आज येऊ नका म्हणते."

झालं! तिथून माझ्या खऱ्या नोकरीला सुरुवात झाली. हंगामात रोज सकाळी साडेपाचला देवसिंग आवारात एक चक्कर मारायचा. जागा असली तर काही करायचं नाही. घंटी नाही म्हणजे खुशाल निघा. आवार भरलेलं असलं तर तो मला उचलायचा, बोरखडीचा नंबर दाबायचा, दोन घंट्या मोजायचा आणि ठेवून द्यायचा. मग पुढचं गाव. बघता बघता अकरा गावं झाली. कुठे दुकान, कुठे पिठाची गिरणी, कुठे पोस्टमास्तरचं घर. अकराही नंबर त्याला तोंडपाठ. तिकडे दोन घंट्या वाजून थांबल्या की जुंपलेले बैल पुन्हा गोठ्यात जायचे.

गावोगाव कोणीतरी माझ्या घंटीची वाट पाहतंय आणि ती न उचलता ऐकतंय, या कल्पनेने मला मूठभर मांस चढायचं. आमच्या गेटवर रांग लागेनाशी झाली. सदाशिवराव चार मालकांत मिशीला पीळ देत सांगायचे, "आमच्याकडं शिस्तच तशी आहे!"

देवसिंगला मात्र ही चोरी वाटायची. बिल येत नाही हे त्याला कळत होतं, पण वळत नव्हतं. रोज सकाळी मला जागेवर ठेवताना तो पुटपुटायचा, "माफ करजो, मालक."

अशी सात वर्षं गेली. मग साकेत आला.

उमरखेडला आमचं दुसरं ऑफिस होतं, ढाणकीला खरेदीची जागा होती. तिन्ही ठिकाणचे फोन, मोबाईल, कॉम्प्युटरवरचे निरोप असं सगळं एकाच यंत्रणेत गुंफायचं सदाशिवरावांनी मनावर घेतलं. त्याचं नियोजन करायला नागपूरहून हा साकेत आला. पोरगा मोठा चिकाटीचा. महिनाभर तो टेबलाटेबलाशी जाऊन विचारत होता: कोण कोणाला फोन करतं, किती वेळा, लोडशेडिंगमध्ये काय करता, वायर कुठून आणायची. लग्नात पंगतीला कोणाशेजारी कोण बसेल हे ठरवतात ना, तसं त्याचं चाललं होतं. पेटीतून त्याने वर्षाचे कॉल काढले. एक नंबर, साडेचार हजार. दोन नंबर, तीन हजार. सतरा नंबर, शून्य. ज्या कॉलला समोरून कोणी उचलत नाही, तो त्या पेटीत धरलाच जात नसे.

तरी तो गेटवर विचारायला आला, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. हातात कागद, मागे मालक उभे. "काका, तुम्ही हा फोन वापरता का?"

देवसिंगचा हात माझ्यावरच होता. त्याने मागे उभ्या मालकांकडे पाहिलं आणि तो काढून घेतला.

"नाही जी, साहेब. कधीच नाही. मले तं लावताबी येत नाही."

ते ऐकून मला काय वाटलं असेल! सात वर्षं रोज सकाळी ज्याने मला हातात घेतलं, त्याने मला ओळख दाखवली नाही. राग आला, फार राग आला. पण मालकांसमोरच त्याने रुमाल काढून मला पुसायला घेतलं, तेव्हा तो राग टिकला नाही. साकेतने कागदावर माझ्यापुढे लिहिलं, 'काढणे'. आणि आठ दिवस बंद ठेवून पाहू म्हणून त्याच संध्याकाळी ऑफिसातल्या पेटीतून माझी लाईन सोडवली. देवसिंगला त्याचा पत्ताही नव्हता.

पहिले दोन दिवस आवारात जागा होती, त्यामुळे काही बिघडलं नाही. तिसऱ्या दिवशी गाठी बांधायचं प्रेस बंद पडलं आणि कापसाचे ढीग भिंतीला जाऊन टेकले. चौथ्या दिवशी सकाळी साडेपाचला देवसिंगने मला उचललं. मी मुका. त्याने बटण दहादा दाबलं, मला हलवलं, कानाशी धरून ठेवलं. मी काय करू शकत होतो? ऑफिसला कुलूप होतं, नाक्यावरचा एसटीडीवाला आठला यायचा. शेवटी देवसिंगने सायकल काढली आणि जवळच्या गावाकडे दामटली. एक गाव त्याने थांबवलं. दहा गावं निघाली.

दहा वाजेपर्यंत गेटपासून नाक्यापर्यंत बेचाळीस बंड्या उभ्या होत्या. पांढऱ्याशुभ्र कापसावर रस्त्याची धूळ बसत होती, बैल पाण्यासाठी माना टाकत होते. सदाशिवराव आणि साकेत धावत गेटवर आले. तेवढ्यात देवसिंग सायकलवरून धापा टाकत पोचला आणि सगळ्यात पुढच्या बंडीवरून विमलताई कडाडल्या:

"देवसिंगभाऊ, आज घंटी काहून नाही दिली? आम्ही साडेपाचपासून फोनापाशी बसून होतो!"

"कोणती घंटी?" मालकांनी विचारलं.

देवसिंगने डोक्याचा रुमाल काढला. "मालक, माह्या हातानं चोरी झाली. सात वर्षं झाले." आणि त्याने सगळं सांगितलं, खाली मान घालून, एकही गाव न गाळता.

सदाशिवरावांनी रस्त्यावरची रांग नाक्यापर्यंत नजरेने मोजली.  मग म्हणाले, "अरे लेका, मी सारा जिल्हाभर सांगत फिरलो, का माह्या शिस्तीनं रांग लागत नाही म्हणून! न् ते शिस्त तू इथं लपवून बसला होता?" बंड्यांवरची माणसं हसली, देवसिंग रडला. मालकांनी गाठींचं रिकामं गोदाम उघडायला लावलं आणि संध्याकाळपर्यंत उभं राहून बेचाळीस बंड्या रिकाम्या करून घेतल्या. साकेत बैलांसाठी पाण्याची पिंपं लोटत होता.

दुसऱ्या दिवशी साकेतने माझी लाईन पुन्हा जोडली आणि केबिनमध्ये येऊन जमिनीवरच बसला. "काका, मी चुकीचा प्रश्न विचारला होता. आता पहिल्यापासून सांगा." देवसिंग सांगत गेला: कोणत्या गावी फोनाशी कोण बसतं, कोणाला कमी ऐकू येतं, कोणत्या वस्तीवर फोनच नाही म्हणून दूधवाल्याकडे निरोप जातो. साकेतची तीन पानं भरली. जुन्या नियोजनात पहिलं पान मालकांच्या केबिनचं होतं. नव्यात गेटचं आलं.

नवा फोन काळा, चपटा, माझ्यापेक्षा देखणा आहे, हे मान्य करायला हवं. त्याचं एक बटण दाबलं की अकरा गावांत आणि ज्यांच्याकडे मोबाईल त्यांच्या मोबाईलवर एकदम निरोप जातो: "आज येऊ नका, आवार भरलं हाय." आवाज देवसिंगचा. तो भरून घेताना त्याची आठ वेळा बोबडी वळली. आता कोणी घंट्या मोजत नाही. मी केबिनच्या फळीवर असतो, वायरीवाचून. देवसिंग अजून पुसतो.

तुम्ही कधी असं नियोजन करायला बसलात, तर शून्य दिसलेल्या जागी एकदा जाऊन या. आणि तिथल्या माणसाला विचारताना मालकाला बरोबर नेऊ नका. एवढीच माझी विनंती.

नवा फोन आला त्या दिवशी, माझी वायर काढायच्या आधी, साकेत म्हणाला, "काका, शेवटचा एक फोन लावून घ्या."

"आज तं आवार रिकामं हाय जी. घंटी दिली तं बंड्या थांबतील."

"घंटी नका देऊ. बोला."

देवसिंगने बोरखडी लावलं. दोन घंट्या झाल्या. सवयीने त्याचा हात मला ठेवायला खाली आला, मग थांबला. तिसरी झाली. चौथी. सहाव्या घंटीला तिकडे कोणीतरी घाईने उचललं. "ताई," देवसिंग म्हणाला.

"देवसिंगभाऊ? काय झालं? सारं ठीक हाय नं?"

"काई नाही झालं, ताई."

"मंग लावला कायले?"

देवसिंगने मला तोंडाजवळ आणलं. त्याचा श्वास माझ्यात भरत होता, गरम, माणसाचा. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"बोलाले," तो म्हणाला.

 विमलताई गिऱ्हाइकाला "थांब रे जरा" म्हणाल्याचं मला ऐकू आलं. मग स्टूल ओढल्याचा आवाज झाला.

"मंग बोला नं, भाऊ. म्या ऐकून राह्यली."