दिराचा दवाखाना

तिने डोक्याचा रुमाल सोडला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दिराच्या दवाखान्यात दारासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसली. केमोने झालेलं टक्कल ट्यूबलाइटखाली चकाकत होतं. बाकावरच्या पेशंटांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

शेजारच्या म्हाताऱ्याला राहवलं नाही. "काय झालंय हो बाई?"

"कॅन्सर. अंडाशयाचा. बेंबीत गाठ होऊन वर आला." तिने आतल्या दाराकडे हनुवटी केली. "यांना दाखवली होती. म्हणाले, हर्निया असेल."

जन्मभर मैदानावर मुलांकडून कवायत करून घेतलेली ती. हळू बोलली तरी दाराआड ऐकू जायचं. म्हातारा चुळबुळला आणि थोड्या वेळाने घरी निघून गेला.

दीर बाहेर आला. "वहिनी, घरी बोलू ना आपण."

"मी कुठे काय बोलतेय, भावोजी? नुसती बसलेय."

ती गाठ दाखवायला दिरासमोर पदर बाजूला करताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि हा खुर्चीतून उठलासुद्धा नाही. फोन कानाला, टेबलापलीकडूनच म्हणाला, "हर्निया असेल वहिनी, या वयात होतो. बघू पुढे."

पुढचं मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. हा कॅन्सर सहसा पोटातल्या पोटात पसरतो, त्या म्हणाल्या. बेंबीत क्वचितच उगवतो, आणि उगवतो तेव्हा आत बरंच पसरलेलं असतं. औषधांनी आटोक्यात राहील, कदाचित काही वर्षंही. मुळासकट जाणं अवघड.

"तेव्हाच कळलं असतं तर?"

"फरक पडलाच असता, असं खात्रीने नाही सांगता येत."

हे वाक्य मात्र तिने दवाखान्यात कुणालाच सांगितलं नाही.

नवरा समजावून थकला. "घरातलं घरात ठेव. माझा धाकटा भाऊ आहे तो."

"पोट माझं आहे," ती म्हणायची आणि पायात चपला सरकवायची. केमोनंतरचे अंथरुणातले दिवस सोडले, तर तिने एकही सकाळ चुकवली नाही. बाक रिकामे पडू लागले. दीर तिची नजर चुकवू लागला. ते पाहिलं की तिला दोन घास जास्त जायचे.

एका सकाळी पोट सारखं फुगतं म्हणून एक बाई आली. ती आत गेली तशी हिने कान टवकारले. आता तेच जुने शब्द येणार.

"टेबलावर झोपा." आत खुर्ची सरकली. "इथे दुखतं? आणि इथे? कधीपासून?" बराच वेळ गेला. "सोनोग्राफी करून घ्या. आजच. आणि रिपोर्ट घेऊन लगेच या."

तोंडचा घास कुणी काढून घ्यावा तसं तिला झालं.

बाई चिठ्ठी घेऊन बाहेर आली आणि तिच्या शेजारी टेकली. "तुम्ही रोज दिसता इथे. चांगले आहेत का हो हे डॉक्टर? की दुसरीकडे दाखवू?"

पुढच्या पेशंटला बोलवायला आलेला दीर दारातच थबकला. कित्येक दिवसांनी त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. तिने नुसती नाही म्हणून मान हलवली असती तरी पुरे होतं.

"आधी सोनोग्राफी करून या," दिरावरची नजर न काढता ती म्हणाली. "मी आहे तोवर तरी नीट तपासतील."