आजीचं स्पॅनिश पाठांतर

आग लागो त्या स्पॅनिशला! चौसष्टाव्या वर्षी मी, चंदनबाला, सांगलीत ट्यूशनला जाते. वर्गातली पोरं नोकरीसाठी शिकत्यात. मला माझ्या नातीला तिच्या बापाची एकच गोष्ट सांगायचीय.

बाप म्हणजे माझा सन्मती. नोकरीला स्पेनला गेला, तिथल्याच मार्ताशी लग्न केलं, आणि तीन वर्षांमागं हार्ट अटॅकनं गेला. लेक ब्राह्मी तवा चार वर्षांची. तिला ना मराठी येतं ना इंग्लिश. मार्ता भली बाई, दर रविवारी व्हिडिओ कॉल लावून देते. पोरगी बापाचं काहीतरी विचारती, आणि मी मुक्यासारखी हसत बसते. जीव नुसता जळतो.

शिकवणारी ऋचा गोड पोरगी हाय. 'खातो, जातो' महिन्याभरात जमलं. पण गेलेल्या माणसाचं बोलायचं तर 'आला, केलं, म्हणाला' पायजे की न्हाई? तिथंच घोडं पेंड खायला लागलं. नियमात बसंल असं एक क्रियापद न्हाई, सगळी मेली बेशिस्त! ऋचा म्हणाली, "आजी, ही पाठच करावी लागतील."

पाठांतर व्हय? ते तर माझ्या हाडात हाय. लहानपणी कवठे महांकाळला आमच्या जैनांच्या देवळातल्या, बस्तीतल्या पाठशाळेत अठ्ठेचाळीस श्लोकांचं स्तोत्र पाठ केलेलं, अजून अक्षर चुकत न्हाई. तशीच चाल लावली. हात जोडून, डोळे मिटून, तुबे, तुबिस्ते, तुबो... अशी बावीस क्रियापदं ओळीनं घोटली. ऋचानं कपाळाला हात लावला. "आजी, मधलंच एखादं लागलं तर?"

"तू नको काळजी करूस," मी म्हटलं.

रविवारी ब्राह्मीनं विचारलं, "पप्पा लहानपणी काय करायचे?" मला समजलं! सांगायचं होतं, एकदा तो बाजारातल्या हळदीच्या ढिगात लोळून पिवळाधमक होऊन घरी आला आणि म्हणाला, आई, मी सोन्याचा झालो. एवढंच. पण 'आला' होतं सतरावं, आणि पहिल्यापासनं म्हटल्याबिगर माझी जीभ तिथं जाईना.

डोळे मिटून सुरू केलं. नवव्याला अडखळले, परत पहिल्यापासनं. पोरगी आधी हसली, मग माझ्यासंगं म्हणायला लागली, मग गप्प झाली. एकदाचं 'आला' सापडलं, तर 'म्हणाला' चौथ्यावर मागं राहिलेलं. काय करू गं बाई! परत सुरुवात. दिवस बुडायला आला. आमच्यात दिवस बुडाल्यावर खात न्हाईत, म्हणजे उपास घडणार. घडू दे. मला तेवढं वाक्य पायजे होतं. ते काय जुळलं न्हाई, आणि मला रडूच फुटलं.

ब्राह्मीनं मोबाईल आईच्या हातातनं घेतला, तोंड अगदी जवळ आणलं. तान्ह्या लेकराशी बोलावं तसं, एकेक स्पॅनिश शब्द सुटा करून ती म्हणाली, "रडू नको आजी. पप्पा मलापण आठवत नाहीत."

"अगं, मला सगळं आठवतंय गं! सगळं!" मी ओरडले. मराठीतच.

तिनं शहाण्यासारखी मान हलवली आणि मोबाईल आईकडं दिला.