कोरा फळा आणि वहिनी

मित्रांनो, मी एक जुना डस्टर आहे. पाठ लाकडाची, पोट लोकरीचे. माझी उमेदीची वीस वर्षे एका शाळेत गेली. गुरुजी मोत्यासारख्या अक्षरात फळा भरायचे, मुले उतरवून घ्यायची आणि मग मी सगळ्यावर फिरायचो. एवढ्या मेहनतीचे वाटोळे करणारा मीच, असे वाटून मला फार वाईट वाटायचे.

पुढे शाळेत गुळगुळीत पांढरे फळे आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला एका बाईंनी उचलले. त्या एका मोठ्या इस्पितळाच्या बॉयलरवरील कामगारांना शिकवायच्या. बाईंची तऱ्हाच वेगळी! बॉयलरची आकृती काढायच्या, नीट समजावून सांगायच्या आणि कुणी वही उघडायच्या आत मला उचलून फळा साफ करायच्या.

"आता तुम्ही सांगा."

"अहो बाई, लिहून तरी घेऊ द्या!" वहिनी कळवळल्या.

सगळे ज्यांना वहिनी म्हणायचे, त्या बारा वर्षे बॉयलरवर मदतनीस होत्या. बॉयलर चालवण्याच्या परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालेल्या. ही शेवटची संधी होती. वही तोंडपाठ, पण परीक्षा घेणाऱ्या साहेबांपुढे उभे राहिले की सगळे गायब.

"वहीत आहेच की. डोक्यात किती उरलंय, ते बघू," बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी वहिनींना जेमतेम चार गोष्टी आठवल्या. चुकले तिथे बाईंनी न रागावता दुरुस्त केले. तोच प्रश्न दोन दिवसांनी आला, मग आठवड्याने, मग महिन्याने.

"हे झालं होतं की!" वहिनी वैतागल्या.

"विसरत आलेलं स्वतः ओढून काढलं ना, की पक्कं बसतं."

आणि खरेच, मित्रांनो, मी थक्क झालो! समोर फळा कोरा, आणि वहिनी हवेत बोट फिरवून एकेक नळी, एकेक झडप दाखवत होत्या. माणसाच्या डोक्यात केवढी जागा असते!

परीक्षा आमच्याच वर्गात झाली, मी फळ्याखालीच होतो. साहेबांनी विचारले, "पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसेनासं झालं तर?"

माझा जीव टांगणीला लागला. वहिनींनी क्षणभर डोळे मिटले.

"आधी जाळ बंद. पाणी मात्र सोडायचं नाही."

"का? पाणीच तर कमी पडलंय!"

"लोखंड लाल झालेलं असेल, साहेब. गार पाणी पडलं तर बॉयलर फुटेल. वरच्या मजल्यावर आजारी माणसं आहेत."

हे शेवटचे वाक्य कुठल्याच वहीत नव्हते. साहेबांनी मान हलवून परवान्याच्या कागदावर सही केली, आणि बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

मित्रांनो, एवढे माझे ऐका. वाचून झाले की पुस्तक मिटा आणि कुणाला तरी सांगून बघा. अडलात तर लाजू नका, उघडून पाहा, आणि चार दिवसांनी पुन्हा सांगा. आज दुपारपाळीला बॉयलर वहिनींच्या ताब्यात आहे, आणि वरच्या मजल्यावर माणसे निवांत झोपली आहेत.