हे लाकूड कुणाचं?

मी एक जुना आडदांड आहे. दचकू नका मित्रांनो, मी मारामारी करणारा आडदांड नाही. रस्त्यात आडवा पडलेला दांडा, म्हणून करंजवाडीच्या लोकांनी मला हे नाव ठेवलं. निजामाच्या राज्यात माल हद्दीबाहेर नेताना किंवा आत आणताना जकात द्यावी लागे. तिला करोडगिरी म्हणत. ती भरल्याशिवाय गाडी पुढं जाऊ नये, एवढ्यासाठी माझा जन्म. नाव चिडून ठेवलेलं होतं, पण खरं सांगायचं तर मला ते फार आवडे.

मूळचा मी आदिलाबादकडच्या रानातला साग. तिथून तोडून, तासून, तेल पाजून मला इकडं आणलं आणि आळंदहून अक्कलकोटकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर, करंजवाडीच्या वेशीबाहेर बसवलं. एका टोकाला जड दगड बांधला, दुसऱ्या टोकाला दोरी. दोरी सोडली की मी वर जाई, ओढली की खाली येई. तुरीची पोती लादलेल्या गाड्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहत. बैल फुरफुरत, गाडीवान ओरडत, “लाकूड उचला हो, लाकूड उचला!” नाकेदार निवांत पान चघळत बाहेर येई. मला वाटे, ही सगळी अदब माझीच आहे. माझा तोरा तुम्ही तेव्हा पाहायला हवा होता.

गाडीसाठी मला उचलत, पायी चालणाऱ्यासाठी नाही. त्यानं माझ्याखालून वाकून जायचं, असा तिथला रिवाज होता. गावातल्या नागूबाईचं शेत नाक्याच्या पलीकडं आणि घर अलीकडं. रोज सकाळी ती डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन येई. पाटी उतरवून पलीकडं सरकवी, कमरेत वाकून माझ्याखालून जाई आणि पाटी पुन्हा डोक्यावर घेई. संध्याकाळी परत तेच. आणि दर खेपेला मला शिवी हासडी, “मुडद्या, वाळवी लागंल तुला!” मी काही मनावर घेत नसे. उलट, बाई रोज माझ्यापुढं वाकते, याचीच मला ऐट.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. भारताचं सैन्य आलं, निजामाचा अंमल संपला. त्या गडबडीत मला खाली ओढायलाच कुणी राहिलं नाही. काही दिवस मी आभाळाकडं तोंड करून तसाच उभा होतो. नंतर नवे शिपाई आले आणि मी पुन्हा खाली आलो. नागूबाई पुन्हा वाकू लागली. देश आधीच स्वतंत्र झाला होता, पुढं प्रजासत्ताकही झाला, तरी नाका चालूच होता. जकात एकदम बंद केली तर हैदराबाद राज्याचा खर्च कसा भागायचा, म्हणून ती हळूहळू बंद करायची असं वर ठरलं होतं. पण हे नागूबाईला कोण सांगणार?

त्या सुमारास गावात व्यंकटेश मास्तर आले. गुलबर्ग्याचे, अंगानं किडकिडीत, पण शिकवायला बसले की वेळेचं भान नसणारे. शाळेला इमारत नव्हती. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर ते पोरांना गोळा करत. नागूबाईची नात राजू त्या ओसरीवर रोज सगळ्यांच्या आधी जाऊन बसे.

पहिल्या मोठ्या निवडणुकीत सगळं गाव शेजारच्या गावी जाऊन मत देऊन आलं. परतताना मंडळी माझ्याजवळ दम खायला बसली. नागूबाईनं मास्तरांना विचारलं, “मास्तर, माणूस येक, मग चिठ्ठ्या दोन कामून दिल्या वो?”

“एक चिठ्ठी हैदराबादसाठी, नागूआक्का. तिथं राज्याचं सरकार. शाळा, दवाखाना, पोलीस, जमिनीचा सारा, ही त्याची कामं. दुसरी दिल्लीसाठी. सैन्य, रेल्वे, टपाल, परदेशाशी बोलणं, हे सगळ्या देशाचं काम तिथून चालतं.”

“आन् आपल्या गावाचं?”

“गावाची पंचायत. रस्त्यावरचा दिवा, पाणी, गटार, हे दिल्लीला कुठून दिसणार? ते आपणच बघायचं.”

नागूबाई माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, “मग हे मुडदं कुणाकडं येतंय?” सगळे हसले. मास्तरही हसले. तो प्रश्न मात्र मी पक्का लक्षात ठेवला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत जकात कमी कमी होत गेली. देशात एका गावाहून दुसऱ्या गावी माल नेताना अडवणूक नको, असं घटनेनंच म्हटलं होतं. शेवटी एके दिवशी नाका उठला. शिपायांनी दगड सोडला, दोरी गुंडाळून नेली आणि मला वाटेच्या कडेला ढकलून ते निघून गेले. माझ्यासमोरून गाड्या धडाधड जाऊ लागल्या. कुणी थांबेना, कुणी ओरडेना. मित्रांनो, शिव्या खाऊन दिवस काढता येतात, पण कुणी ढुंकूनही पाहत नाही हे फार लागतं.

शिमगा जवळ आला तेव्हा गावातली तरणी पोरं कुऱ्हाडी घेऊन आली. “आडदांडाची होळी करू!” असा त्यांचा बेत. नागूबाईही मागोमाग आली. आता पहिला घाव हीच घालणार, असं समजून मी आशा सोडली. पण ती माझ्यावर सरळ बैठक मारून बसली.

“लाकडावर राग कामून काढायलाव रं? त्येला कुणी आडवं टाकलं म्हनून ते आडवं पडलं.” मग तिनं वितीवितीनं मला मोजलं आणि म्हणाली, “शाळंची तुळई हुईल ह्येची.”

ती असं का म्हणाली, ते सांगतो. शिक्षण खात्याचे साहेब येऊन बजावून गेले होते की, पावसाळ्यापूर्वी शाळेवर छप्पर चढलं नाही, तर मास्तरांची नेमणूक ओढ्यापलीकडच्या गावात होईल. तिथं इमारत तयार होती. करंजवाडीनं जागा दिली, दगड वाहिले, भिंती उभ्या केल्या. पण माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला, मधोमध लांब, भक्कम तुळई लागते आणि तेवढं लाकूड आणायची गावाची ऐपत नव्हती. मास्तर गेले तर राजूची शाळा सुटणार. पावसाळ्यात ओढा ओलांडून पोरीला पाठवायला तिचा बाप तयार नव्हता.

नागूबाई सरपंच अंबाजींकडं गेली. अंबाजी म्हणजे मोजकं बोलणारा, शब्दाला पक्का शेतकरी. तो येऊन माझ्याभोवती फिरला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “लाकूड झकास हाय. पर हे लाकूड कुणाचं?”

“कुणाचं म्हंजे? आपल्या गावच्या वाटंवर पडलंय.”

“वाटंवर पडलं म्हनून आपलं हुतंय व्हय, आक्का? सरकारचं हाय. इचारावं लागंल.”

नागूबाई भडकली. “सरकार आपलंच हाय म्हनून तुम्हीच सांगायलाव. मग आपल्याच लाकडापायी आपल्याच सरकारला कामून इचारायचं?”

मास्तर मध्ये पडले. म्हणाले, “आपलं आहे म्हणूनच विचारायचं, आक्का. न विचारता उचललं तर उद्या ज्याच्या हातात कुऱ्हाड, त्याचं लाकूड. मग शाळेची तुळई तरी कोण ठेवील?”

त्या दिवसापासून रोज शेतावर जाता-येता नागूबाई पावसाच्या धास्तीनं आभाळाकडं बघू लागली.

अंबाजी आळंदला तहसीलदार हणमंतरावांकडं गेला. ते म्हणाले, “तालुक्याचा सारा आणि जमिनीचे कागद माझ्याकडं, नाका माझ्या खात्याचा नव्हता, मी गुलबर्ग्याला कलेक्टरांकडं विचारतो.” गुलबर्ग्याहून प्रश्न हैदराबादला गेला. तिथं नवाच पेच निघाला. नाका राज्याचा खरा, पण दरम्यान त्या खात्यातली काही कामं दिल्लीकडं सोपवली गेली होती. तेव्हा हा दांडा राज्याकडं राहिला की दिल्लीकडं गेला? झालं! माझी चौकशी दिल्लीपर्यंत पोचली. वाटेच्या कडेला धूळ खात पडलेला मी, माझा तोरा पुन्हा चढला. गावातले काही जण मात्र कुजबुजू लागले की, एवढ्यात तर नवं झाड वाढलं असतं. अंबाजी सगळ्यांचं ऐकून घेई आणि पुन्हा आळंदची वाट धरी.

वैशाख सरत आला. पश्चिमेकडं ढग दिसू लागले. मास्तरांनी ओसरीवरचा फळा पुसला आणि आपली पुस्तकं एका ट्रंकेत भरून ठेवली. राजू त्या ट्रंकेवर बसून राहिली. “मी उठनार न्हाई,” एवढंच म्हणे. नागूबाई तिला न्यायला आली आणि स्वतःच तिच्याशेजारी बसली. पोरांकडून ऐकलेली ही गोष्ट मला अजून सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी हणमंतराव स्वतः आले. जीपमधून उतरले ते चावडीकडं न जाता थेट माझ्याकडं. भोवती गाव जमलं. त्यांची बोली हैदराबादी वळणाची. ते म्हणाले, “सरपंच, जवाब आला. दिल्ली म्हणते, दांड्यावर आमचा हक्क नाही. हैदराबाद म्हणते, दांडा आमचा. आणि कलेक्टरसाहेब म्हणतात, राज्याचा आहे तर सगळ्यांच्या कामासाठी पंचायतीला देऊन टाका. बस्स! आजपासून लाकूड करंजवाडीचं. फकत, विकायचं नाही.”

अंबाजीनं फेटा सारखा केला आणि नागूबाईकडं पाहून म्हणाला, “आता उचला, आक्का.”

मित्रांनो, मी निजामाचे नाकेदार पाहिले, शिपाई पाहिले. हुकूम द्यायला त्यांना क्षण लागत नसे आणि हुकूम कशासाठी हे सांगायची त्यांना गरजही नसे. इथं एका लाकडासाठी चार कचेऱ्यांनी आपापलं काम पाहिलं, दिल्लीनं आपलं नाही ते आपलं नाही म्हणून सांगितलं, आणि एका शेतकरी सरपंचानं तोवर माझ्या अंगाला कुऱ्हाड लागू दिली नाही. मला त्या सगळ्यांचं फार कौतुक वाटलं. स्वतःची मात्र थोडी लाज वाटली.

मला शाळेपाशी नेलं. नागूबाईनं घरून वाटीभर करडीचं तेल आणलं होतं. ते तिनं टोकापासून टोकापर्यंत माझ्या अंगाला चोळलं. एकही शिवी दिली नाही. मग बैलगाडीवाले, शेतकरी, मास्तर, सगळ्यांनी मला दोर बांधले. पूर्वी माझ्यापुढं तासन्‌तास खोळंबलेल्या एका गाडीवानानं हाळी दिली, “लाकूड उचला हो, लाकूड उचला!” आणि सगळं गाव हसता हसता जोर लावू लागलं. त्याच हाकेनं मी आयुष्यभर वर गेलो होतो. या वेळी मात्र खाली येण्यासाठी गेलो नाही.

पावसाच्या आधी माळवद तयार झालं. मास्तरांनी ट्रंक उघडली. शाळा भरली त्या दिवशी नागूबाई नातीला सोडायला आली. दारातून आत आली आणि माझ्या बरोबर खाली पोचताच सवयीनं कमरेत वाकली.

मास्तर हळूच म्हणाले, “आक्का, वाकू नका. तो आता वर आहे.”

ती सावकाश सरळ झाली. मान वर करून तिनं मला बराच वेळ न्याहाळलं. डोळे पाण्यानं भरले होते, पण आवाज तोच होता. “वर जाऊन बसलायस व्हय रं, आडदांडा? वाळवी लागू नगं तुला. तिथंच ऱ्हा. परत आडवा येऊ नगंस.”

पुढं छप्पन साली हैदराबाद राज्यच उरलं नाही. आळंद म्हैसूर राज्यात गेलं, अक्कलकोट मुंबई राज्यात राहिलं. ज्या राज्यानं मला गावाला दिलं ते गेलं, पण दिलेला शब्द कुणी मोडला नाही. मी अजून माळवद धरून आहे. मित्रांनो, वर्षातून एकदा कुणीतरी चढून मला तेल लावत जा. तेवढं विसरू नका. म्हातारीचा शब्द मला पाळायचा आहे. पण लाकूड स्वतःहून वर राहत नाही, आणि ज्यानं त्यानं लक्ष काढून घेतलं तर ते कधी परत वाटेत आडवं येईल, हे सांगता येत नाही.